मितानच्या डब्यातला झंझार

रविवार, २ नोव्हेंबर

भिलईच्या पावर हाउस बाजाराची फेरी. रद्दीवाल्याच्या ढिगात हात घातला तर खालून जुनं कॉमिक निघालं, वीर झंझार, नंबर सत्तावीस. पानं पांढरे, पिना जाग्यावर, मागचं कूपन कापलेलं नाई, कोन्या पोट्ट्यानं पेनानं नाव टाकलेलं नाई. मनात म्हटलं, सिंधू, तोंड वाकडं कर. केलं. "कावून गा, हे तं भिजलेलं दिसते." तो म्हने, "दस रुपया दे दो माताजी." मी आठ म्हटलं. दोन रुपयासाठी नाई. भाव नाई केला तं त्याले संशय येते का बाईले काई तरी सापडलं.

घरी सुनेनं पाह्यलं. रेणूच्या हातातला पोळ्याचा डबा पडता पडता राह्यला. "मम्मी, ये तो आठशे को आरामात जाईन!" तिचं मराठी असंच, अर्धं दुर्गचं, अर्धं मोबाइलचं. पन डोळा पक्का. धन्य हो तिच्या मायबापाची, अशी पोरगी आमच्या घरी धाडली.

बुधवार, ५ नोव्हें.

इंदूरवाल्याचा फोन (पुढं इं.वा. लिहीन, हात दुखते). सत्तावीस त्यानं घेतला. बँकेत साहेब हाये, दोन लेकरं हायेत, आन छातीवर टेबलफॅन लावलेल्या हिरोसाठी जीव टाकते. मी विचारलं, "बायको काय म्हनते रे?" म्हने, "काकीजी, वो इस बारे में बात नहीं करती." बराबर हाये तिचं.

मीबी बोलत नोती. हे स्टील प्लांटच्या रेल मिलची ड्यूटी करून येत, आंघोळ, जेवन, आन मंग खाटेवर वीर झंझार. गोंदियाकडच्या खेड्यातून आलेला मानूस, हिंदी त्यातच शिकला. एकदा मी एका झंझारवर मुंगाच्या वड्या वाळू घातल्या. हे काई बोलले नाई. पन त्यानंतर घरात नवा झंझार आला नाई. मले वाटलं, मानूस सुधारला.

हे गेल्यावर ट्रंकेत दोन सापडले. रेणूनं मोबाइलवर फोटो टाकला, आठ दिवसांत इं.वा. दारात उभा. तवापासून हे चालू हाये. सातवी शिकलेली बाई, आता रद्दीत बसून पिना तपासते. ज्या नादाले हसली, त्याच नादानं माह्या रिकाम्या सकाळी भरल्या. हसत असाल वरून. हसा.

रविवार, ९ नोव्हें.

फेरीत काई नाई. नेहमीसारखी शेवटी साहूजीच्या दुकानात चहाले बसली.

साहूजी याइचे मितान, म्हंजे शपथेवर जोडलेले दोस्त, म्हनून मी त्यांची मितानिन. पावर हाउसले बाजाराच्या बोळीत त्यांची भाड्याची लायब्ररी होती, अख्खं भिलई तिथून कॉमिक नेत होतं. लोकाइच्या हातात फाटू नये म्हनून हा मानूस नवंकोरं पुस्तक आलं का पयले सुआ, म्हंजे दाभन, घेऊन बसे. पिना काढ, भोकं पाड, सुतळीनं शिव, पुठ्ठा चिकटव, वर लाल शिक्का मार. शिवलेलं पुस्तक जमा करनारे घेत नाईत, म्हनून मी त्यांच्या मालाकडं कधी पाह्यलंच नाई. फक्त चिडवते. "काय जी, तुमचे ऑपरेशन झालेले पेशंट कसे हायेत?" ते म्हनतेत, "सब जियत हें मितानिन. तोर बिना सिलाई वाला मन कहाँ हें?" सगळे जित्ते हायेत, माह्यावाले बिनशिलाईचे कुठी गेले म्हनते. रद्दीत, आनखी कुठी! हसतो दोघं.

आज म्हनाले, दुकान बंद करतो. पोरगी बिलासपूरले बोलावून राहिली, तीस तारखेले जातो. माहा चहा थंडा झाला. मंग मागून पत्र्याचा एक डबा काढला. "ये मोर मितान के डब्बा आय."

आत चाळीसेक कॉमिक. एकही शिवलेलं नाई. नवा गठ्ठा आला का एक प्रत ते सुआ लावायच्या आधी बाजूले काढत, मितानसाठी. हे ड्यूटीवरून येत, नळावर हात धूत, स्टुलावर बसून वाचत आन डब्यात ठेवून घरी येत. म्हटलं, घरी कावून नाई आनले? साहूजी हसले. "घर मा बरी सुखाथे कहिस."

घरी वड्या वाळतात म्हनून.

मी काय करावं? रडावं? मी तोंड वाकडं केलं. सवय. वरचे दोन पाह्यले तवाच डोक्यात घंटी वाजली होती. साहूजी म्हनाले, "दू सौ दे दे, बोहनी नइ होय हे." मी एकशे वीस म्हटलं. ते म्हनाले, मितान भाव नाई करत होता. मी म्हटलं, "म्हनूनच त्याच्या घरात मी लागत होती." एकशे वीसवर ठरलं. ऑटोत डबा मांडीवर घेऊन आली.

सोमवार, १० नोव्हें.

तळाशी, सगळ्याइच्या खाली: वीर झंझार, नंबर एक.

रेणूनं हात धुतले, ओढनीनं पुसले, मंग धरला. फोटो धाडला. तीन मिनिटांत इं.वा. चा फोन, आवाज फाटलेला. "काकीजी, हाथ मत लगाइए. टेप नहीं, इस्त्री नहीं, धूप नहीं." मी म्हटलं, "फोडनी देऊ का?" त्याले हसू आलं नाई. एका झंझारचे पस्तीस हजार म्हनते. तेवीस तारखेच्या रविवारी स्वतः गाडीनं येते.

रेणू नाचली. मीबी दोन पाय टाकले. मंग बसली.

बुधवार, १२ नोव्हें.

दोन दिवस झाले, भाजी खारट होऊन राहिली. पोरगा म्हने, आई, तब्येत बरी नाई का.

माह्या लग्नाचं दुसरं वर्ष. साहूजी पुरीहून जगन्नाथाचा वाळला भात घेऊन आले. आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरच्या अंगनात दोघं पाटावर समोरासमोर बसले, एकमेकाच्या तोंडात दाने घातले, नारळ बदलले, गळ्यात पडले. त्या दिवसापासून एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं नाई. मितान, फक्त. मी सासूले विचारलं, हे का लगन लागून राहिलं? सासू इकडं येऊन येऊन शहानी झाली होती. म्हने, लगनाहून पक्कं हाये. लगनात लबाडी चालते, मितानासंग नाई चालत.

हे गेले तवा साहूजीनं डोक्सं भादरलं होतं. सख्खा भाऊ आला नाई वेळेवर, हा मानूस आला.

आन मी त्याच्यापासून ऐंशी रुपये सोडवून आली.

रद्दीवाल्यासंग लबाडी म्हंजे खेळ. तो मले ठगवते, मी त्याले. पन हे...

शुक्रवार, १४ नोव्हें.

गेली. डबा घेऊनच गेली. स्टुलावर बसली आन एका दमात बोलली, "मी तुमाले फसवलं जी."

ते म्हनाले, एकशे वीस बराबर होते, आनखी पायजेत का?

"पस्तीस हजार," म्हटलं. झंझारचा एक नंबर त्यांच्यासमोर धरला. लय वेळ पाहत राह्यले. त्यांना वाचता लय कमी येते, चित्रावरून नंबर वळखतात. मंग असे हसले का खोकला आला. "मितानिन, हमन तेली अन, फेर पक्का बनिया तो तैं निकले!" तेली आम्ही, पन पक्की बनिया तं तू निघाली म्हने. चहा मागवला. मी म्हटलं, निम्मं तुमचं, निम्मं माहं, आन यापुढं तुमच्यासंग खोटं बोलीन तं जीभ झडो. ते म्हनाले, झडली तं चिडवशीन कशानं?

छाती हलकी झाली. धन्य हो देवा, ओरडला नाई मानूस.

एक नंबर इं.वा. येईपर्यंत, तेवीसच्या रविवारपर्यंत, माह्यापाशी राहू दे म्हनाले, चहावाल्याले दाखवायचा हाये. रेणूनं फोनवर सांगतलं होतं, "मम्मी, वहाँ छोडके मत येजो." पन कसं नाई म्हनू? परत भरोसा नाई असं दिसलं असतं. ठेवून आली.

शनिवार, २२ नोव्हें.

सकाळी साहूजीचा फोन. आ के देख.

गेली.

एक नंबरले निळा नवा पुठ्ठा. सुतळीचे सात टाके, एकसारखे, जसे मशीननं मारले. पिना काढून कागदाच्या पुडीत ठेवलेल्या. पुढं लाल शिक्का, मागं लाल शिक्का. साहूजीनं धुतलेला सदरा घातला होता. म्हनाले, पिना गंजल्या होत्या. "पहुना इंदौर ले आवत हे, ओला चिथरा धरा देबो का?" येवढ्या दुरून पाहुना येते, त्याच्या हातात चिंधी द्यायची का.

मी म्हटलं, "लय सुंदर झालं जी."

आठच दिवस झाले जिभेच्या शपथेले.

घरी येऊन रेणूले सांगतलं. ती खाटेवर आडवी झाली. डोळे मिटून म्हने, "कितने टाँके?" सात. "दोन्ही तरफ शिक्का?" दोन्ही. मंग तिचं पोट हलाले लागलं. मले वाटलं रडते, पाह्यलं तं हसून राहिली. मंग मीबी. पोरगा दारात उभा राहून म्हने, या घरात कोनी मले काई सांगते का? मी म्हटलं, पस्तीस हजार गेले बापा, म्हनून हसून राहिलो.

दुसरी सून असती तं चार दिवस भांडे आपटले असते.

इं.वा. ले फोन करून सांगतलं. म्हने, तिकीट निकाल लिया है, बाकी के देख लेता हूँ. त्याले बजावलं, साहूजीसमोर तोंड उतरू देऊ नको.

रविवार, २३ नोव्हें.

साहूजीच्या दुकानात इं.वा. नं आपलं काम बराबर केलं. साहूजीच्या पाया पडला, चहा घेतला, डब्यातले अकरा झंझार निवडले, रेणूनं भाव केला. एक नंबर हातात घेतला, उलटवला, टाक्यावरून बोट फिरवलं, परत ठेवला. "इसको अभी रहने देते हैं, बाबूजी."

साहूजीनं मले विचारलं, "येला काबर नइ लेवत हे?" हा कावून नाई घेत?

इं.वा. नं माह्याकडं पाह्यलं. रेणूनं माह्याकडं पाह्यलं. आन माह्या तोंडातून निघालं, "तुमची सुतळी त्याच्या खिशाले झेपत नाई जी."

नेहमीचीच मस्करी. रोज करते तशी. पन तो मानूस हसला नाई. त्यानं पुस्तकाकडं पाह्यलं, मंग इं.वा. च्या निवडलेल्या अकराकडं पाह्यलं. एकालाही शिलाई नोती.

"हाँसी छोड. सच बता."

सांगतलं. शपथ होती म्हनून नाई. त्याच्या डोळ्यात पाहून दुसरं काई सुचलं नाई म्हनून.

ते उठले. सुआ, सुतळीचा गुंडा, शिक्का, सगळं एका फडक्यात बांधलं. स्टूल आत घेतलं. शटर ओढलं. आम्ही तिघं बोळीत उभे, दुपारचे दोन.

बुधवार, २६ नोव्हें.

फोन उचलत नाई. दुकानावर गेली, कुलूप. चहावाला म्हने, दादा आए ही नहीं.

पैशाचं दुःख नाई त्याले, मले समजते. सारं आयुष्य त्यानं जे निगुतीनं केलं, त्यालेच मी खराबी म्हटलं. आन इतके वर्ष चिडवत होती ते? पेशंट म्हनत होती ते? तवा तो हसत होता, कावून का त्याले वाटत होतं मस्करी हाये. आता त्याले समजलं का मस्करीत मी खरं बोलत होती.

रविवार, ३० नोव्हें.

पावर हाउस टेशन. पोरगी आली होती न्यायले, चांगली हाये, पाया पडली. साहूजी खिडकीपाशी. मी चिवड्याचा डबा दिला. घेतला. बोलले नाई. गाडी हलली तवाबी समोर पाहत होते.

डबा घेतला, तेवढं तं झालं.

गाडी हलायच्या आधी एक नंबर पोरीनं माह्या हातात दिला होता. "बाबूजी बोले, ये मितानिन के घर का है."

रविवार, ७ डिसेंबर

हथखोजले एका कारखान्याच्या गोदामाची रद्दी निघनार अशी रेणूले खबर. गेलो दोघी. लोखंडाचा भुसा उडून राहिला, नाक लाल. ढिगात झंझारचा दिवाळी विशेषांक, जाड, कोरा! गोदामवाल्यानं तसाच देऊन टाकला, "ले जाओ अम्मा, नाती पढेगा."

परत येताना पाय आपोआप बोळीकडं वळले. शटर बंद. तवा समजलं का मी झंझार सापडल्यावर खुश कुठी होत होती. रद्दीत नाई. त्या स्टुलावर, त्याले सांगताना.

अकरा झंझारचं निम्मं रेणूनं मोबाइलवरून त्याच्या पोरीले धाडलं. मिळालं असं आलं. बाकी काई नाई.

गुरुवार, १८ डिसें.

सर्दी. तुळशीचा काढा. रेणूनं सुट्टी घेतली माह्यासाठी, मी नको म्हटलं तरी.

इं.वा. चा फोन. त्याले एक कारागीर भेटला, जुने कागद दुरुस्त करनारा. म्हने शिलाई उसवते, भोकं भरते, शिक्का फिका करते, जुन्या पिना असतील तं त्याच लावते. मंग मी निम्मे पैसे द्याले तयार हाये. पिना हायेत का, काकीजी?

पिना हायेत. पुडी पुस्तकातच हाये.

"बोलिए काकीजी, भेज दूँ उसको?"

म्हटलं, सर्दी हाये, मंग बोलते.

एक नंबर काढून पाह्यला. पयल्यांदा नीट. इतके दिवस फक्त पिना आन पानं पाहत होती, वाचला कुठी होता? वाचला. झंझार पयल्या पानावर विहिरीत पडते आन शेवटपर्यंत निघत नाई, पुढच्या नंबरात निघते म्हने. येवढ्यासाठी माहा मानूस हात धूत होता! हसली. पुस्तक मांडीवर सपाट उघडं राह्यलं, एक पान नाई सुटलं. पक्की शिलाई हाये. कबूल करते.

रविवार, २८ डिसें.

बिलासपूरहून पोरीचा फोन. "मौसी, छेरछेरा में आ जाओ." पौषातल्या पुनवेले इकडं घरोघरी धान मागतात, देनाऱ्याच्या घरी पाहुने बोलावतात.

मी विचारलं, तू बोलावते का बाबूजी बोलावते?

"बाबूजी बोले."

"काय बोलले? बराबर शब्द सांग."

ती हसली. "बोले, मितानिन को बोल दे आने को. और एक नंबर साथ लाए."

कावून आनू, हे विचारलं नाई. हिंमत नोती. पन मितानिन म्हटलं त्यानं. पोरगा म्हने, आई, येवढ्यात सर्दी गेली? गेली न.

ज्याच्या रुसन्यानं आपली भाजी खारट होते, असा एक मानूस अजून उरला हाये. हे जाताना मले मोकळं नाई सोडून गेले. लय झालं.

शुक्रवार, २ जानेवारी

उद्या सकाळची गाडी. पिशवीत तिळाचे लाडू, रेणूनं घेतलेली साहूजीची लोकरी टोपी, दोन लुगड्याच्या मधात एक नंबर, पिनाची पुडी आत.

रेणू म्हने, "मम्मी, वो उसवा देंगे खुद, देख लेना. सुआ लेके बैठे होंगे." पोरगा म्हने, नाई, त्याइले फक्त जवळ ठेवायचा असन. मले दोनी खरे वाटते. इं.वा. ले सांगतलं, मालक दोन हायेत, दुसऱ्याले विचारून सांगते. तो म्हने, काकीजी, जल्दी. मी म्हटलं, तुह्या बायकोले विचार, जल्दी काय असते ते.

पयले माफी मागीन. त्याच्या हातच्या कामाची, नीट, मस्करी न करता. मंग तो म्हनन उसव, तं उसवू. तो म्हनन राहू दे, तं पैसा गेला. आन तो काईच नाई बोलला तं धान मागाले येनाऱ्या लेकराइले मूठमूठ देत ओसरीवर बसून राहीन.

गाडी साडेदहाले बिलासपूरले लागते. टेशनवर तो येते का पोरगी एकटी येते, ते तिनं सांगतलं नाई. मीबी विचारलं नाई.